कृत्रिम पाय बनवणाऱ्याकडे डिग्री लागतेच का? ऑफिसातून बिल परत आलंय

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलाय, आधीच सांगतो, पण थोडक्यात लिहिलं तर गोची कळणार नाही.

आमच्या पप्पांचा उजवा पाय गेल्या वर्षी ऐन श्रावणात शुगरमुळे गुडघ्याखाली काढावा लागला. वय ५५, नोकरीची तीन वर्षं बाकी (निमसरकारी आहे, ऑफिसचं नाव नको). जखम भरली, स्टंप (कापून उरलेला पाय) जरा आटला, मग पाय कुठनं बसवायचा याची शोधाशोध. मोठ्या शहरातल्या एका क्लिनिकात गेलो तर तिथं एसीत बसवून टॅबवर पाय दाखवले, कार्बनचा हा, सिलिकॉनचं ते, आकडा ऐकून पप्पा म्हणाले चल घरी, एवढ्यात दोन म्हशी येतील.

शेवटी आमच्याच तालुक्यातल्या एका काकांकडे गेलो. पत्र्याची शेड, कोपऱ्यात भट्टी, आणि कोपरापर्यंत हात प्लॅस्टरनं पांढरे झालेला माणूस. २२ वर्षं हेच काम करतायत, आधी एका ट्रस्टच्या वर्कशॉपमध्ये होते मग स्वतःचं चालू केलं. पहिला सॉकेट (स्टंप ज्यात बसतो तो पेला) घालून पप्पा चार पावलं चालले आणि म्हणाले नडगीला टोचतंय, तर काकांनी एक शब्द न बोलता तो बाजूला टाकला आणि दुसऱ्या दिवशी बोलवून नवीन माप घेतलं, जादाचा एक रुपया घेतला नाही. आज पप्पा ऑफिसचे दोन जिने स्वतः चढतात.

आता गंमत अशी की ३८ हजाराचं बिल ऑफिसात टाकलं रिइम्बर्समेंटला, पंधरा दिवसांनी लाल पेनाचा शेरा मारून परत आलं, "कृत्रिम अवयव बसविणाऱ्या व्यावसायिकाचा आर.सी.आय. नोंदणी क्रमांक नमूद नाही". काकांना विचारलं तर म्हणाले तसला नंबर आपल्याकडं नाय बाबा, आपण बारावी नापास.

तर हा खरंच कायदा आहे की त्या क्लार्कची लहर? आणि कायदा असेल तर काका जे करतायत ते बेकायदेशीर धरायचं का? मला त्यांच्याविरुद्ध काही करायचं नाहीये, उलट त्यांना माझ्यामुळे त्रास नको व्हायला. पण पैसेही थोडेथोडके नाहीत ना राव.

गडी_एकटा

एवढं काय टेन्शन घेताय, ओळखीचा एखादा डिग्रीवाला बघा आणि त्याच्या लेटरहेडवर बिल करून घ्या, चहापाण्यात काम होतंय. सगळीकडं असंच चालतंय.

पीओताई

कृष्णाकाठ, आधी वरचा सल्ला कानाआड करा, त्यावर पुढे कुणी वकील बोलेलच.

मी बीपीओ आहे, म्हणजे बॅचलर इन प्रोस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्स, मुंबईत हाजीअलीला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आहे तिथली, चौदा वर्षं झाली कामाला. क्लार्कची लहर नाहीये ती. रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया ॲक्ट, १९९२ चा कायदा, लागू झाला २२ जून १९९३ पासून, २००० साली त्यात दुरुस्ती पण झाली. ही जी कौन्सिल आहे, आरसीआय, तिच्याखाली १६ प्रकारचे व्यावसायिक येतात, स्पीच थेरपिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, स्पेशल टीचर वगैरे, आणि त्यातच आम्ही, प्रोस्थेटिस्ट आणि ऑर्थोटिस्ट. प्रोस्थेटिस्ट म्हणजे गेलेल्या अवयवाच्या जागी नवा बसवणारा आणि ऑर्थोटिस्ट म्हणजे आहे त्या अवयवाला आधार देणारा, कॅलिपर, स्प्लिंट, पाठीचे ब्रेस. डिग्री दोन्हीची मिळून एकच. (आम्ही फिजिओ नाही. फिजिओंची कौन्सिल वेगळी, काम वेगळं, ते पाय बसल्यावर चालायला शिकवतात. माझ्या सासरी लग्न ठरताना मी फिजिओ असंच सांगितलं गेलं होतं आणि सासूबाई अजून तेच सांगतात, मी समजावणं सोडून दिलंय.)

काम करायला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे कौन्सिलनं मान्य केलेलं शिक्षण. आज ते बीपीओ, बारावी सायन्सनंतर चार वर्षं आणि वर सहा महिने इंटर्नशिप. त्यापुढे एमपीओ दोन वर्षं, पण ते पाहिजेच असं नाही. पूर्वी डिप्लोमा होता आणि जुन्या पिढीतले बरेच नोंदणी असलेले सीनिअर डिप्लोमावालेच आहेत, त्यांना कमी लेखू नका, माझे पहिले सर तेच होते. दुसरी गोष्ट म्हणजे सेंट्रल रिहॅबिलिटेशन रजिस्टरमध्ये नाव, त्यालाच आम्ही सीआरआर नंबर म्हणतो. नुसती डिग्री घरात फ्रेम करून ठेवली तर कायद्याच्या नजरेत तुम्ही प्रॅक्टिस करू शकत नाही, आणि तो नंबर पण जन्मभराचा नसतो, दर पाच वर्षांनी रिन्यू करावा लागतो, त्यासाठी सेमिनार-वर्कशॉप करून पॉइंट गोळा करावे लागतात. बिलावर मागितलाय तो हाच नंबर. कौन्सिलच्या वेबसाइटवर नाव टाकून कुणीही तपासू शकतं, पैसे लागत नाहीत, दोन मिनिटांचं काम आहे.

शिकवतात काय म्हणाल तर पहिल्या वर्षी शरीररचना आणि वर्कशॉप, कानस मारून मारून हाताला घट्टे पडतात, मग बायोमेकॅनिक्स, आजार, मटेरियल, आणि पेशंट. शेवटच्या शब्दावर जोर आहे.

काकांबद्दल नंतर लिहिते, ओपीडी आहे.

एका_पायावर

मी स्वतः पेशंट, बाइक ॲक्सिडेंट, अबव्ह नी म्हणजे गुडघ्याच्या वर कापलेला, अकरा वर्षं झाली, चौथा पाय चालू आहे.

ताईंनी सांगितलं ते बरोबरच आहे पण डिग्रीचं कौतुक ऐकून घाईनं उड्या मारू नका. माझा दुसरा पाय मी अशा ठिकाणी केला जिथं भिंतीवर डिग्री, सीआरआर नंबर, फोटो सगळं टांगलेलं. माप घेतलं एका पोरानं, त्याला मी नाव विचारलं तर म्हणाला मी हेल्पर. ट्रायल पण त्यानंच घेतली. ज्यांचा फोटो भिंतीवर होता ते साहेब दर गुरुवारी येतात असं कळलं, आणि मी तीन गुरुवार गेलो तर एकदाच दिसले, ते पण फोनवर. सॉकेटची वरची कड जांघेत एवढी घुसायची की मी ऑफिसात टेबलाखाली पाय काढून बसायचो. सहा महिन्यांत तो पाय माळ्यावर. अजून तिथंच आहे, दिवाळीच्या साफसफाईला खाली येतो आणि परत वर जातो.

तेव्हापासून मी भिंत बघत नाही, विचारतो की माझं माप कोण घेणार, सॉकेट कोण घासणार, आणि दुखलं तर मी कुणाला फोन करणार. या तिन्हीत नंबर असलेल्या माणसाचं नाव किमान दोनदा आलं पाहिजे.

आणि हो, नंबर लागतो तिथं लागतोच. माझा ॲक्सिडेंट क्लेम चालू होता तेव्हा पुढच्या पायांचा खर्च दाखवायला कोटेशन द्यायचं होतं, वकिलांनी स्पष्ट सांगितलं की साध्या दुकानाचं कोटेशन आणू नका, नोंदणीवाल्याचं आणा, समोरचा इन्शुरन्सचा वकील पहिलं तेच फाडेल.

हातोडी

हे वाचून गप्प बसवेना म्हणून लिहितोय. मी टेक्निशियन आहे, १९ वर्षं, एका संस्थेत. वर ज्याला हेल्पर म्हटलंय ना तो मीच समजा.

सकाळी शेडमध्ये येतो तेव्हा भट्टी मी लावतो, सॉकेटसाठीचा एचडीपीई प्लॅस्टिकचा पाइप मी तापवतो. पाइप किती मऊ झाला की ओढायचा हे पुस्तकात नाही, त्याचा रंग जरा काचेसारखा दिसायला लागतो तो क्षण असतो, आधी ओढला तर सुरकुती आणि उशीर केला तर एका बाजूला पातळ, मग महिन्याभरात तडकतो. बीपीओची इंटर्न पोरं येतात त्यांना हे मी शिकवतो. मी! आणि सहा महिन्यांनी तीच पोरं नंबर घेऊन माझी साहेब होतात आणि मी ज्या पायाला घाम गाळला त्याच्या कार्डावर सही त्यांची. मला राग त्यांचा नाही, पोरं चांगली आहेत, दिवाळीला मेसेज करतात.

माझे उस्ताद होते त्यांनी कौन्सिलचा ब्रिज कोर्स केला होता, जे लोक शिक्षण नसताना आधीपासून कामात होते त्यांच्यासाठी काढलेला. त्यांना नोंदणी मिळाली. मी कामाला लागलो तोवर ते दार बंद. म्हणजे त्यांच्याच हाताखाली, त्यांच्याच भट्टीवर शिकलेला मी कायद्यानं कुणीच नाही. आता या वयात बारावी सायन्स करून नीट देऊ का? (महाराष्ट्रात या कोर्सचे प्रवेश नीटच्या मार्कांवर होत आलेत, माहीत नसेल तर सांगतो.)

कृष्णाकाठ, तुमच्या काकांना माझा नमस्कार सांगा. पहिला सॉकेट न बोलता बाजूला टाकणारा माणूस बोगस नसतो.

पीओताई

हातोडी दादा, तुम्ही लिहिलंय त्यातलं पाइपच्या रंगाचं मी पण एका दादांकडूनच शिकले, त्यांचं नाव आमच्या कॉलेजच्या कुठल्याच बोर्डावर नाही. हे मान्य आहे आणि ते वाईट आहे.

पण आता माझं ऐका. कायदा तुमच्या हाताला बंदी घालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ साली या क्षेत्रासाठी मानकं काढली त्यात पण हेच आहे, पेशंटला तपासणारे, काय द्यायचं ते ठरवणारे, बसवून बघणारे हे एक, आणि बनवणारे टेक्निशियन हे दुसरे, दोघंही पाहिजेतच, कामं मात्र वेगळी. माझंच बघा, मी लॅमिनेशन (सॉकेटवर थर चढवणं) करायला घेतलं तर तुम्ही हसाल.

भांडण आहे ते पेशंटच्या बाजूच्या कामाचं. एक प्रसंग सांगते. एक आजोबा आले होते, शुगरचेच, गुडघ्याखाली कापलेला, पाय बाहेरून बनवून आणलेला. दिसायला इतका सुबक की मी बनवणाऱ्याला मनात शाबासकी दिली. आजोबा म्हणाले मस्त आहे, काही दुखत नाही. स्टंप सॉक (स्टंपवर घालायचा मोजा) काढला तर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला जरा खाली जी हाडाची गोटी लागते, फिब्युलाचं डोकं, तिथं रुपयाएवढी काळी चकती. कातडी मेलेली. त्यांना दुखत नव्हतं कारण शुगरमुळे तिथली संवेदनाच गेलेली होती! तरुण माणूस पहिल्या दिवशी ओरडला असता. आता इथे हात कितीही चांगला असला तरी उपयोग नाही, तुम्हाला हे माहीत पाहिजे की हा माणूस दुखतंय म्हणून कधीच सांगणार नाही, म्हणून सॉकेट घालायच्या आधीच बोटानं, बारीक तारेनं संवेदना तपासायची, माप घेतानाच त्या गोटीवर जागा सोडायची, भार गुडघ्याच्या वाटीखालच्या पट्ट्यावर आणि पोटरीच्या मांसावर घ्यायचा, आणि दहा-पंधरा मिनिटं चालवून सॉकेट काढून कातडीचा रंग बघायचा. लाली किती वेळात जाते ते बघायचं. साडेचार वर्षांतला मोठा भाग या असल्या गोष्टींवर जातो. त्या आजोबांचा पाय पुढे गुडघ्यावरून कापावा लागला. बनवणारा चोर नव्हता, त्याला फक्त कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून कृष्णाकाठ, तुमच्या पप्पांना पण शुगर आहे. काकांचा सॉकेट चांगला असेलही, पण रोज रात्री स्टंप आरशात बघायला लावा, मागची बाजू पण, आणि एकदा कुणा नोंदणीवाल्याला दाखवा. बिलासाठी नव्हे.

हातोडी

ताई तुमचा मुद्दा पटला. शुगरच्या पेशंटला मी पण "दुखतंय का" एवढंच विचारत आलोय. उद्यापासून सॉक काढून बघणार.

पण मग माणसं कुठायत? जागतिक आरोग्य संघटनेचंच धरा, त्यांच्या हिशेबानं दर दहा लाख लोकांमागं तपासणारे-बसवणारे ५ ते १० पाहिजेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्र सव्वाअकरा कोटींच्या घरात. म्हणजे साडेपाचशे ते अकराशे लोक लागतात, ते पण तेव्हाच्या लोकसंख्येला. आमच्या जिल्ह्यात मी बोटावर मोजून दाखवतो, एका हाताची बोटं उरतात. मग आदिवासी पाड्यावरचा माणूस नंबरवाल्याची वाट बघत कुबडीवर बसणार का?

पीओताई

याला माझ्याकडे उत्तर नाही दादा. आमच्या बॅचमधले निम्मे बाहेर गेलेत, काही कंपन्यांत सेल्सला.

काळाकोट

वकील आहे, दिव्यांगांच्या काही केसेस केल्यात, त्यामुळे हा कायदा वाचलेला आहे.

कलम १३ हे मुख्य. मान्य शिक्षण आणि रजिस्टरमध्ये नाव यातलं एक जरी नसेल तर चार गोष्टी करता येत नाहीत. सरकारी किंवा स्थानिक संस्थेच्या ठिकाणी त्या पदावर बसता येत नाही, भारतात कुठेही पुनर्वसन व्यावसायिक म्हणून प्रॅक्टिस करता येत नाही, कायद्यानं लागणारं असं जे सर्टिफिकेट या व्यावसायिकानं द्यायचं असतं त्यावर सही करता येत नाही, आणि कोर्टात तज्ज्ञ म्हणून साक्ष देता येत नाही. एका_पायावर यांच्या वकिलांनी कोटेशनबद्दल जे सांगितलं त्याचं मूळ यातच आहे, उद्या त्या कोटेशनवाल्याला पिंजऱ्यात बोलावलं तर त्याला तज्ज्ञ म्हणून उभं राहता आलं पाहिजे. सर्टिफिकेट म्हणताना दिव्यांगत्वाचा दाखला त्यात धरू नका, तो वैद्यकीय प्राधिकरणाकडून मिळतो, त्यात यांचा संबंध नाही, बरेच लोक इथे घोटाळा करतात.

शिक्षा म्हणाल तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाचा आकडा वाचून हसू नका, १९९२ चा आहे, त्या काळी हजाराला किंमत होती. पण खरी मेख पुढे आहे. या गुन्ह्याची दखल कोर्ट तेव्हाच घेतं जेव्हा कौन्सिलनं अधिकार दिलेली व्यक्ती लेखी तक्रार करते. म्हणजे शेजाऱ्यानं पोलिसात जाऊन अर्ज दिला आणि काकांना उचललं असं होत नाही. कौन्सिल बसलीय दिल्लीत, तुमची शेड तालुक्यात. माझ्या स्वतःच्या पाहण्यात या कलमाखाली पाय बनवणाऱ्यावर चाललेला खटला एकही नाही. कायदा आहे, दात आहेत, चावताना मी तरी बघितलेला नाही.

मात्र फौजदारी बाजू ढिली आहे म्हणून दिवाणी पण ढिली असं समजू नका. ताईंनी सांगितलेल्या आजोबांसारखं काही झालं आणि घरचे ग्राहक आयोगात गेले तर नोंदणी नसणं हाच मोठा मुद्दा होतो. सुप्रीम कोर्टाचा १९९६ चा पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल हा निकाल आहे, तिथे होमिओपॅथीचं शिक्षण घेतलेल्या डॉक्टरनं ॲलोपॅथीची औषधं दिली होती आणि पेशंट दगावला. कोर्टानं म्हटलं की ज्या पद्धतीचं शिक्षण नाही त्यात हात घालणं हाच निष्काळजीपणा, वेगळा सिद्ध करायची गरज नाही. तो निकाल डॉक्टरांबद्दलचा आहे, पाय बनवणाऱ्यांबद्दलचा नाही, पण मी पेशंटच्या बाजूनं उभा असतो तर पहिला तोच ठेवला असता. काकांना हे सांगा, घाबरवायला नाही, सावध करायला. त्यांनी एखाद्या नोंदणीवाल्याबरोबर बसून काम करावं, तपासणं, ठरवणं आणि शेवटची ट्रायल नोंदणीवाल्याची, बनवणं काकांचं. ताईंनी दोन कामांची जी विभागणी सांगितली तीच, आणि त्यात काकांची अब्रू पण राहते.

बिलाचं. गडी_एकटा यांनी सुचवलंय ते अजिबात करू नका. ज्यानं पाय बनवलाच नाही त्याच्या लेटरहेडवर बिल म्हणजे खोटा दस्तऐवज, आणि ते सरकारी पैशासाठी वापरलं की फसवणूक. पप्पांची नोकरी तीन वर्षं राहिलीय, पेन्शन पणाला लावणार का ३८ हजारासाठी? आणि ज्यानं शिक्का मारला त्याचं नाव कौन्सिल रजिस्टरवरून काढू शकते. उलट ऑफिसला सरळ अर्ज द्या की कोणत्या नियमाखाली क्रमांक मागितलाय ते लेखी कळवा. प्रत्येक ठिकाणचे रिइम्बर्समेंटचे नियम वेगळे असतात, कधीकधी सरकारी हॉस्पिटलच्या डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन आणि गरजेचा दाखला एवढ्यावर भागतं. भागेलच असं नाही, पण लेखी नकार हातात असला की पुढे अपील करता येतं. लाल पेनाच्या शेऱ्यावर अपील होत नाही.

गडी_एकटा

बरं बाबा, मी आपला भोळेपणानं बोललो.

जर्सीवाला_मामा

इकडचं थोडं सांगतो, मी न्यू जर्सीत असतो, प्रोस्थेटिस्ट नाही, आयटीवाला, पण बायकोच्या आईला इथे पाय बसवला तेव्हा सगळं शिकलो.

इथे एक देश एक नियम असं नाहीच. न्यू जर्सी, फ्लोरिडा, टेक्सास, इलिनॉय अशा काही राज्यांत स्टेटचं लायसन्स लागतं आणि बऱ्याच राज्यांत लायसन्स हा प्रकारच नाही. मग तिथे काय तर नॅशनल बोर्डाचं सर्टिफिकेशन, एबीसी म्हणतात त्याला, आणि इन्शुरन्सवाले. शिक्षण आता मास्टर्सचं झालंय, त्यावर रेसिडेन्सी म्हणजे हाताखाली काम, पाय आणि ब्रेस दोन्ही विषयांची मिळून दीड वर्षाची, मग परीक्षा. आणि खरा दंडुका कायद्याचा नाहीच, पैशाचा आहे. २००० सालच्या एका कायद्यानं मेडिकेअरला (म्हाताऱ्यांचा सरकारी विमा) सांगितलं की खास माप घेऊन केलेला पाय किंवा ब्रेस असेल तर क्वालिफाइड माणसानं दिलेला असला तरच पैसे द्या. म्हणजे कृष्णाकाठच्या ऑफिसातल्या लाल पेनाचंच मोठं भावंड म्हणा ना. तुमच्याकडे पोलीस जे करत नाहीत ते एका क्लार्कनं केलं, हे मला फार ओळखीचं वाटलं.

हातोडींसाठी. इथे ज्या राज्यांत लायसन्सचा कायदा आला तिथे बऱ्याच ठिकाणी आधीपासून काम करणाऱ्यांना ठराविक मुदतीत अर्ज करायची सोय दिली, नंतर दार बंद. म्हणजे तुमच्या उस्तादांसारखं. आणि दार बंद झाल्यावर आलेल्यांची बोंब इथे पण आहेच. फक्त इथे टेक्निशियनला त्याचं स्वतःचं वेगळं सर्टिफिकेट आहे, परीक्षा आहे, तो कुणाचा हेल्पर नसतो, कार्डावर त्याचं पद छापलेलं असतं. त्याचा पगारावर किती फरक पडतो देव जाणे, पण माणसाचा फरक पडतो.

एका_पायावर

मामा शेवटची ओळ लाखातली.

पीओताई

आणि ब्रिटनमध्ये तर प्रोस्थेटिस्ट हा शब्दच कायद्यानं राखीव आहे, एचसीपीसी या तिथल्या कौन्सिलच्या यादीत नाव नसताना स्वतःला तसं म्हणवून लोकांना फसवणं हा गुन्हा. आपल्याकडे सर्जिकल दुकानाच्या पाटीवर काहीही लिहा. कमरेचा पट्टा विकणारा पण स्वतःला "ऑर्थो स्पेशालिस्ट" लावतो. तयार पट्टा साइज बघून विकणं ही एक गोष्ट झाली, पण तोच माणूस लहान मुलाच्या वाकड्या पावलाचं माप घ्यायला लागतो तेव्हा मला घाम फुटतो, कारण त्या मुलाला दोन वर्षांनी कळणार असतं की बूट चुकीचा होता.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार, तीन आठवड्यांनी लिहितोय, मध्ये बरंच झालं.

काकांकडे गेलो, सगळं वाचून दाखवलं, हातोडींचा नमस्कार पण सांगितला. मला वाटलं चिडतील. त्यांनी फिब्युलाच्या गोटीचा भाग परत एकदा वाचायला लावला आणि मग कपाटातनं जुन्या पेशंटांची वही काढून बसले, ज्यांना शुगर आहे त्यांच्या नावापुढं पेनानं टिकमार्क. मी निघेपर्यंत सात झाले होते. म्हणाले फोन करून बोलावतो सगळ्यांना.

पप्पांना जिल्ह्याच्या ठिकाणी एका नोंदणीवाल्या मॅडमकडे नेलं (वेबसाइटवर नंबर आधी तपासला, मिळाला). त्यांनी अर्धा तास बघितलं, संवेदना तपासली, पप्पांना अंगठ्याएवढ्या एका जागी खरंच काही कळत नव्हतं आणि हे आम्हाला घरी कुणाला माहीतच नव्हतं. सॉकेट बरा आहे म्हणाल्या, बनवणाऱ्याचा हात चांगला आहे असं दोनदा म्हणाल्या, पण स्टंप अजून आटलाय म्हणून आत खाली सरकतोय आणि टोकाला लाली येतेय. आत पॅड लावून दिला. आणि काकांचा फोन नंबर घेतला. का ते विचारलं नाही.

बिलाचा अर्ज दिलाय, आवक नंबर घेतलाय, अजून उत्तर नाही. क्लार्क म्हणाला साहेब रजेवर आहेत.

ताई, एक विचारायचं राहिलं. मॅडमनी जाड सॉक वापरा सांगितलं, पण सकाळी तो घातला की पाय आत जातच नाही, पप्पा वैतागतात. मग काय करायचं?

पीओताई

सकाळी पातळ सॉकवर चढवा. दिवसभर सॉकेटमध्ये राहून स्टंप थोडा बारीक होतो, त्यामुळे दुपारनंतर पाय ढिला वाटायला लागला, चालताना आत खालीवर व्हायला लागला की वरून आणखी एक पातळ सॉक चढवायचा. एकच जाड घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ जवळ ठेवा, ऑफिसच्या बॅगेत. सॉकवर सुरकुती राहू देऊ नका, आणि रोजचे रोज धुवा, साध्या साबणानं, निरमा नको.

कृष्णाकाठ

ओके ताई. निरमाच वापरत होतो.